लाभ, दोन, तीन

४ जून, बुधवार

यांनी खुळखुळा फेकला! भिंतीवर आपटून डबी उघडली आणि ज्वारी सगळ्या खोलीभर. मी खाली बसून दाणा न् दाणा वेचला. अन्न पायदळी कसं येऊ द्यायचं? "राहू द्या काकू, झाडून घेऊ," निता म्हणाली. झाडायचं कसं! वेचली, डबीत भरली, झाकण घट्ट लावून परत दिली.

वाशीमचं हे केंद्र अकोल्याच्या डॉक्टरांनी सुचवलं. संगीताचे उपचार. मला वाटलं होतं भजनं ऐकवत असतील — मग घरी काय कमी आहेत! पण तसं नाही. ही निता पंचविशीची पोर, पुण्याला शिकून आलेली. पेटी, डफ, टाळ, लाकडाच्या पट्ट्या, रिकामे डबे, बाटल्या. एकाच खोलीत लेकरंही येतात आणि आमच्यासारखे म्हातारेही. 

निताने मला समजावून सांगितलं. डोक्याची बोलायची बाजू काकांची दुखावली आहे, गाण्याची बाजू बरीचशी शाबूत आहे. बोलणं त्या वाटेने आणून पाहायचं. "मी वचन देत नाही हं काकू," म्हणाली. वचन देत नाही म्हणाली म्हणूनच मला बरी वाटली.

यांना डाव्या हाताने मांडीवर ठोका द्यायला लावला आणि सुरात "एऽक, दोऽन, तीऽन" म्हणायला सांगितलं. हे मान हलवत राहिले. नाही, नाही. ती परत "एऽक". परत नाही. मग फेकला.

"फेकला म्हणजे जोर आहे काकांच्या हातात," निता म्हणाली. यांच्या दुखण्याला आठ महिने होत आले. त्यात पहिल्यांदा मी बाहेर, परक्या माणसात हसले.

परतीची एसटी वेळेवर मिळाली. दिवस मावळायच्या आत घरी, जेवणही झालं.


५ जून, गुरुवार

लिहूनच टाकते. या वहीखेरीज कुणाला सांगायचं?

गेल्या आश्विनातली चतुर्दशी. मी दुपारपर्यंत मौन घेतलं होतं. नियम म्हणून नाही — रागाने. शिरपूरला आमच्या जैनांच्या तीर्थावर दर्शनाला जायचं ठरलं होतं आणि हे म्हणाले सोयाबीनचे दिवस आहेत, दुकान सोडता येत नाही, पुढच्या आठवड्यात पाहू. मग मी मौन घेतलं. धर्माच्या नावाखाली रुसवा! 

सकाळी चहा पिऊन हे स्वयंपाकघराच्या दारात आले. "अवो..." म्हणाले, आणि पुढे काहीतरी. कुकरची शिटी झाली. मला ऐकू आलं नाही. मी वळले नाही. पाठ करून उभी राहिले, कणीक मळत. हे जरा वेळ थांबले. मग चपलेचा आवाज.

अकरा वाजता दुकानातून हरीओमचा फोन — शेठ पडले. 

अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर वाचा वाचली असती. हाताला मुंग्या, जीभ जड, असं काही सकाळी बोलले होते का? मी म्हटलं, नाही.

पण बोलले होते. काय, ते मला माहीत नाही. तेव्हापासून यांच्या तोंडी दोनच गोष्टी. "हा" आणि "ते ते ते".

मला यांच्या तोंडून तेवढं एक वाक्य ऐकायचं आहे. मग बाकी नाही बोलले तरी चालेल.


११ जून, बुधवार

आज खुळखुळा फेकला नाही. घेतलाच नाही हातात.

आमच्या शेजारी एक आजी बसते, सोनीबाई. मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. नातीला घेऊन येते — मंजू, आठ वर्षांची. पोरीचे आई-बाप ऊसतोडीला जातात, पावसाळ्यातही तिकडेच मजुरीला राहतात, म्हणून पोरगी आजीपाशी. बोलत नाही. कुणाकडे पाहत नाही. डफ वाजला की कानावर हात. दिवसभर एकच काम: या डब्यातून त्या डब्यात काहीतरी ओतायचं.

"मुकी नाई माही पोट्टी," सोनीबाई म्हणाली. "तिच्या मनात लय हाय. बाहेर काढायचा रस्ता सापडत नाई तिले." 

मी म्हटलं, आमच्याकडेही तेच.

"मंग बरं झालं! दोघं एकमेकायले कटकट तरी नाई करत," म्हणाली आणि खो खो हसली. पुढचे दोन दात नाहीत तिला.


१५ जून, रविवार

पियूषचा पुण्याहून फोन. म्हणतो, "आई, आठवड्यातून एकदा डबे वाजवायला एवढा प्रवास? मोबाइलवर अॅप आहे, मी घालून देतो." मी म्हटलं, तुझ्या अॅपमधून सोनीबाई निघते का? त्याला काही समजलं नाही. यांच्या कानाला फोन लावला. हे "हा... हा..." करत राहिले. तिकडून पोरगा उगीच खोकला. 


१८ जून, बुधवार

एक, दोन, तीन. मान हलवणं. नाही, नाही. निताला घाम फुटला, मला लाज वाटली.


२५ जून, बुधवार

आज निताने मलाच धरलं. "काकू, तुम्हीही बसा."

"मले काय झालं?"

"काही झालं नसलं तरी बसा."

ओठ मिटून नुसता आवाज काढायचा. गुणगुणायचं. दोन्ही हात छातीवर ठेवायचे म्हणजे आतली थरथर हाताला कळते. मी म्हटलं, गुणगुणणं मला कशाला शिकवते! पण खरं सांगायचं तर आश्विनापासून मी मंदिरात सुद्धा ओठच हलवते, आवाज काढत नाही. आज काढला. छातीत पंखा लावल्यासारखं झालं.

परतीच्या एसटीत यांच्या खांद्यावर झोप लागली. चारचौघांत! या वयात! यांनी उठवलं नाही. आमच्या रिसोडचा स्टँड आला तेव्हा माझ्या गुडघ्यावर डाव्या हाताने ठोके दिले. तीन. मोजून.


२ जुलै, बुधवार

आज झालं! आल्या आल्या लिहायला बसले.

निता पेटी लावत होती. हे खुर्चीवर. समोर जमिनीवर मंजू. तिच्यापुढे निताने ज्वारीचा मोठा डबा ठेवला होता, खुळखुळे भरायला. पोरीने शेराएवढं एक पत्र्याचं भांडं घेतलं, बुडवलं, आणि शीग लावून भरलं. वरची रास हाताने सपाट केली — अगदी दुकानात करतात तशी! कुठे पाहिलं असेल तिने? मग रिकाम्या डब्यात ओतलं.

आणि हे बोलले. गायले! 

"लाऽऽभ!"

मंजूने दुसरं भांडं भरलं. ओतलं.

"दोऽन... दोना दोऽन!"

तिसरं.

"तीऽन... तिना तीऽन!"

खणखणीत. दुकानातला आवाज. लग्न होऊन आले तेव्हा सासऱ्यांच्या भुसार दुकानामागेच आमची खोली होती. दुपारभर हाच आवाज भिंतीतून यायचा. पायलीने धान्य मापायचे तेव्हा — हे तरणेताठे, बाह्या वर सरसावून. काट्याची मशीन आली आणि तो आवाज गेला. केव्हा गेला ते माझ्या लक्षातही नाही आलं.

अकरापर्यंत गेले. मग भांडं मंजूच्या हातून सांडलं आणि हे थांबले. मी तोंडाला पदर लावला. सोनीबाई मोठ्याने, "शेठ! गरिबाच्या पोरीले माप कमी नोका देऊ बरं!" हे हसले. वाकड्या तोंडाने, पण हसले.

निता माझ्याकडे आली. "काकू, लाभ म्हणजे?"

म्हटलं, धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन. आजपर्यंत कुणी व्यापाऱ्याने पहिलं माप 'एक' म्हणून टाकलं नाही. अशुभ.

ती माझ्याकडे पाहतच राहिली. "चार आठवडे मी काकांना 'एक' म्हणायला लावते आहे. आणि तुम्ही समोर बसून आहात!"

"तू विचारलं कुठं?"

पण माझंच चुकलं. हे मान हलवत होते ते येत नाही म्हणून नव्हे. चूक आहे म्हणून! चार आठवडे माणूस सांगतो आहे असं नसतं मोजायचं, आणि आम्ही दोघी शहाण्या त्याला पहिलीच्या पोरासारखं शिकवतो आहोत. घरात आम्ही बायका पोळ्या एकपासून मोजतो. माझ्या डोक्यात आलंच नाही.


३ जुलै, गुरुवार

सकाळी उठले तर अंगणातून आवाज. हे चिमण्यांना दाणे टाकत होते. चिमटी चिमटी. "लाऽभ."

चहा उतू गेला.


६ जुलै, रविवार

मंदिरात भागिरथीकाकू म्हणाल्या, "पहिला शब्द लाभ आला म्हणे! णमोकार नाही आला? शेवटी दुकानदारच बाई तो." बायका हसल्या. मीही हसले, पण लागलं. आठ महिने सकाळ-संध्याकाळ यांच्या कानाशी णमोकार मंत्र म्हणत होते. मला वाटायचं वाचा येईल तर त्या नावानेच येईल. माझ्या पुण्याईने येईल, असंही मनात होतं. खोटं कशाला लिहू.

निताला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "काका मंदिरात गायचे का?" नाही. हे कोपऱ्यात बसून मनात जप करायचे. आयुष्यात गळा मोकळा सोडला तो फक्त दुकानात. "मग जिथे गळा होता तिथूनच येणार ना काकू."

पटलं. यांनी माप कधी कमी टाकलं नाही. मग तो जपच म्हणायचा की.


९ जुलै, बुधवार

आज चतुर्दशी. चातुर्मास सुरू. पहाटे मंदिर, मग एसटी — दोन्ही जमवलं.

चातुर्मासाच्या नियमांची आमची जुनी वही काढून यंदाचे नियम लिहिले. मी: गूळ त्याग, हिरवी भाजी अष्टमी-चतुर्दशीला बंद. मौन लिहिलं नाही. त्या दिवसापासून मी मौन घेत नाही. भागिरथीकाकू विचारतात काहून, मी गुडघ्याचं काहीतरी सांगते. गुडघ्याचा आणि मौनाचा काय संबंध! यांच्या नावापुढे यंदा रिकामं. आजारी माणसाला नियम नको, असं महाराजांनीच सांगितलं. दर वर्षी हे स्वतः सही करतात. परवा-परवापर्यंतची पानं चाळली — तूप, भात, साखर, एका वर्षी तर चहाच. सह्या टपोऱ्या. वही मिटली.

निता आज दुकानाचा सूर मागत होती, पूर्ण, शंभरापर्यंत. परतताना दुकानात गेले, हरीओमला म्हटलं मोबाइलवर म्हणून दे. तीस वर्षं यांच्या हाताखाली आहे, पण लाजला.

"बाई, आता कायचं गाणं? काटा लाल आकड्यात सांगते. माणूस कायले बोलन?"

"शेठसाठी म्हण."

मग मशीन बंद केली, गिऱ्हाईकाला थांबवलं आणि म्हटलं. गिऱ्हाईकही म्हातारा होता. वीस झाल्यावर तोही सुरात मिसळला!


१६ जुलै, बुधवार

आता त्या सुरावर छोटी वाक्यं बसवणं चालू आहे. डाव्या हाताचा ठोका, दोन सूर, वर-खाली. "पाऽणी दे." "पंऽखा लाव." "नऽको आता." आधी निता आणि हे मिळून, मग ती हळूच गप्प होते, मग हे एकटे. ती गप्प झाली की हेही गप्प. परत पहिल्यापासून.

मंजूला यांच्याशिवाय चालत नाही. यांनी "लाभ" म्हटल्याखेरीज भांडं ओतत नाही. हात वर धरून थांबते. सोनीबाई म्हणते, घरी कुणासाठी एक घटका थांबली नाही ही पोर. "व्यापाऱ्यानं बांधून टाकली माही नात!"


२३ जुलै, बुधवार

मंजूने यांच्या तोंडाकडे पाहिलं. निताने माझा हात दाबला. 


२७ जुलै, रविवार

नऊ महिन्यांनंतर यांचं घरातलं पहिलं वाक्य. ताटात दुधीची भाजी वाढत होते. ठोका पडला पाटावर.

"नऽको आता!"

दुधीला! दोन दिवस पुरवली होती, ते खरं आहे. आनंदाने आणखी एक पळी वाढली. परत ठोका. "नऽको आता!" भांडलो म्हणा ना. किती दिवसांनी भांडलो.

पियूषला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "बाबा, मलाही दुधी नको."


३० जुलै, बुधवार

मी घाई केली.

काल दुपारी घरी दोघंच होतो. म्हटलं, त्या दिवशी दारात उभं राहून काय म्हणाले होते? यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. समजलं यांना कुठला दिवस. तोंड उघडलं. "ते... ते ते..." मांडीवर ठोका दिला, सूर लागला नाही. परत. कपाळावर घाम. मग डोळ्यांत पाणी. मी म्हटलं राहू द्या, राहू द्या, मला काही नको.

आज निताला सगळं नाही सांगितलं, एवढंच विचारलं — आपल्या मनाचं वाक्य, न शिकवलेलं, कधी येईल? ती म्हणाली, "येईलही, नाहीही. शिकवलेलं वाक्य म्हणजे सांगितलेली वाट. आपलं वाक्य म्हणजे वाट स्वतः काढायची. पण काकू, त्यांना परीक्षेला बसवू नका." 

परीक्षेला बसवते. हेच तर करत होते मी.


६ ऑगस्ट, बुधवार

आज मुद्दाम काही विचारलं नाही. खिचडी केली, यांना आवडते तशी.


२० ऑगस्ट, बुधवार

मंजू म्हणाली! 

हे खुर्चीत बसलेच नव्हते. काठी कोपऱ्यात ठेवत होते. पोरीला धीर धरवेना. भांडं वर, हात थांबलेला, आणि तिचा तिनेच — बारीक, नाकातून — "लाऽ". पुढचा "भ" नाही. पण सूर तोच!

सोनीबाई उठली नाही की ओरडली नाही. बसल्या जागी डोक्यावरची ओढणी पुढे ओढून घेतली. मग म्हणाली, "शेठानी, हिच्या मायले फोन लाव वं. माह्या हातानं नंबर दबत नाई."

लावला. तिकडे आई म्हणे, आवाज ऐकवा. पण मंजू परत नाही म्हणाली. तिची मर्जी. तर यांनी फोन घेतला, आणि तिच्या आईला — ओळख ना पाळख — "लाऽभ, दोऽन, तीऽन" म्हणून दाखवलं. ती बाई काय समजली कोण जाणे. रडत होती.

निता म्हणते, हा चमत्कार समजू नका, पुढच्या आठवड्यात गप्पही राहील. राहू दे. रात्री डोकं आपटायची ती आता आपटत नाही, सोनीबाईला झोप मिळते. ते कोण मोजणार?


२८ ऑगस्ट, गुरुवार

दशलक्षण पर्व सुरू झालं. दहा दिवस वाशीमला जाणं नाही. निताला तसं सांगून ठेवलं. मी एकभुक्त. स्वयंपाकाला एक वेळ सुट्टी, तर हातात वेळच वेळ. हे आणि मी सकाळी अंगणात बसून तांदूळ निवडतो. मी निवडते, हे मोजतात. 


१ सप्टेंबर, सोमवार

आज पर्वातला उत्तम सत्याचा दिवस. प्रवचनात विषय निघाला आणि भागिरथीकाकू — त्याच! — भर मंदिरात म्हणाल्या, "सत्य पाहायचं तर चंपालालच्या दुकानात पाहावं. चाळीस वर्षं मी तिथून ज्वारी भरते. बोलला तसं माप, मापला तसं बोलला." सगळे यांच्याकडे वळून पाहू लागले. हे खाली मान घालून बसले. कानाच्या पाळ्या लाल!

खरंच आहे ते. मी या माणसाच्या तोंडून खोटं ऐकलेलं नाही. एकदा सुद्धा नाही. कितीदा वाटलं बाई, जरा तरी बोलावं — लुगडं छान दिसतं म्हणावं. नाही. बरं दिसलं तरच म्हणणार.


८ सप्टेंबर, सोमवार

आज क्षमावाणी. मंदिरात सगळ्यांना हात जोडून उत्तम क्षमा म्हणून आले. लहान-थोर सगळ्यांना. दर वर्षी यांनाही म्हणते, चहा देता देता, वरवर. आज यांच्यापुढे खाली बसले.

सगळं सांगितलं. ते मौन नव्हतं, रुसवा होता. तुम्ही दारात आलात, काही म्हणालात, कुकर वाजला, पण वळले असते तर कळलं असतं. वळले नाही. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा काही बोलले नव्हते म्हणून सांगितलं. तुम्ही हात जड झाला म्हणत होतात का? मला बोलावत होतात का? अकरा महिने मी याच दारात उभी आहे. मला क्षमा करा.

हे माझ्याकडे पाहत होते. मी म्हटलं, उत्तर नको, परीक्षा नाही ही. उठायला लागले. यांनी डाव्या हाताने माझा हात धरला आणि बसवलं. हात सोडला. मांडीवर ठोका.

"च... हाऽत..."

मी पुढे सरकले.

"चहाऽत... साऽखर..." अडले. परत पहिल्यापासून. मोजायचाच सूर. "चहाऽत... साऽखर... नाऽई!"

आणि हसले.

चहात साखर नाही! एवढंच! अकरा महिने मी काय काय समजत होते, आणि हे महाराज दारात उभं राहून सांगत होते — अवो, चहात साखर नाई! मी हसले की रडले मला माहीत नाही. दोन्ही. यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून. हे केसांवर थोपटत होते, ठोके देत. 

निताला फोन केला. न शिकवलेलं वाक्य आलं! ती तिकडे ओरडलीच. पियूषलाही सांगितलं. त्याने "म्हणजे काही दुखत नव्हतं बाबांचं?" विचारलं. मी म्हटलं नाही रे, साखर कमी पडली होती! किती हलकं वाटतं आहे. घर झाडलं, देवघर पुसलं, पडदे धुतले. गुणगुणत.


९ सप्टेंबर, मंगळवार

पहाटे चहा टाकला. साखरेच्या डब्यात हात घातला आणि हात तिथेच राहिला.

नियमांची वही काढली. गेल्या वर्षीच्या चातुर्मासाचं पान. 'साखर त्याग — चार महिने', खाली टपोरी सही. तो आश्विन त्या चार महिन्यांतच होता. मीच रोज बिनसाखरेचा चहा करत होते, आणि यांनी एकदाही तोंड वाकडं केलं नव्हतं.

जन्मात पहिल्यांदा खोटं माप टाकलं या माणसाने. कालच्या दिवशी. माझ्या पदरात.

त्या सकाळी काय म्हणाले होते ते आता मी विचारणार नाही. 

चहात दोन चमचे साखर घातली. कप पुढे ठेवला, समोर बसले, म्हटलं, घ्या, आज आहे साखर. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलं. मग डाव्या हाताने कप उचलून शेवटच्या घोटापर्यंत प्याले, आणि पाटावर ठोका दिला —

"लाऽभ."